कलेजी कुणाच्या ताटात?

नाताळच्या आधीची गोष्ट. कन्हानला आमच्या गटाची महिन्याची बैठक होती. बैठक संपली तरी बायका उठेनात, कारण गटातल्या एकीच्या मुलीने मोबाईल मधोमध धरला होता. ही मुलगी नागपूरला केटरिंगचा कोर्स करते. नाताळासाठी म्हणून तिथे त्यांना टर्की नावाचा पक्षी अख्खा भाजायला शिकवला होता, त्याची चित्रफीत ती सगळ्यांना दाखवत होती. सहा-सात किलोचा पक्षी. कातडीखाली लोणी चोळलेलं, लोण्यात थाइम, रोझमेरी, सेज असला पाला बारीक चिरून घातलेला. पोटात कांदा आणि लिंबू. तीन-साडेतीन तास भट्टीत भाजायचा, मधूनमधून त्याचाच रस त्याच्यावर ओतायचा. शेवटी ट्रेमध्ये उतरलेली चरबी आणि रस घेऊन त्यात मैदा परतायचा, पक्ष्याची मान आणि पोटा उकळून काढलेलं पाणी त्यात ओतायचं आणि दाटसर रस्सा करायचा. त्याला ते ग्रेव्ही म्हणतात.

बायकांनी प्रश्न विचारून मुलीला भंडावून सोडलं. एवढा मोठा पक्षी आतून शिजला हे कळतं कसं? तिखट कुठाय? पाल्याचा वास कसा येतो? मुलगी म्हणाली, थाइमचा वास बराचसा आपल्या ओव्यासारखा येतो. (ते खरंच आहे. दोन्हींत वासाचा मुख्य पदार्थ एकच असतो, थायमॉल.) इतका वेळ गप्प बसलेल्या एका आजीबाईंनी मग विचारलं, "आनि पयला तुकडा कोनाले?"

मुलगी म्हणाली, "तिकडं घरातला कर्ता माणूस उभा राहून सुरीनं कापतो आणि सगळ्यांना वाटतो."

"म्हंजे आपल्यावानीच!" आजीबाई म्हणाल्या. सगळ्या हसल्या. मीही हसले. पण घरी येताना तो प्रश्न माझ्याबरोबर आला.

अमेरिकेत नॉर्मन रॉकवेल नावाच्या चित्रकाराचं एक फार गाजलेलं चित्र आहे. १९४३ साली ते एका साप्ताहिकात छापून आलं. युद्धाचे दिवस होते, आणि 'अभावापासून मुक्ती' हा चित्राचा विषय होता. पांढरीशुभ्र चादर घातलेलं टेबल, दोन्ही बाजूंना हसरे चेहरे आणि टोकाशी म्हातारा-म्हातारी. म्हातारी एप्रन बांधून भाजलेल्या टर्कीची जड थाळी टेबलावर ठेवते आहे. म्हातारा कोट घालून तिच्या मागे उभा आहे. थाळी तिच्या हातात आहे, तरी टेबलाचं टोक त्याचं आहे. जगातल्या सर्वांत श्रीमंत देशाने सुबत्तेचं चित्र काढलं तेव्हाही बाईच्या अंगावर एप्रनच आला. ती कुठे बसणार आणि तिच्या ताटात काय पडणार, हे काही त्या चित्रात दिसत नाही.

आता आपल्याकडचं चित्र पाहू. विदर्भात धुळवडीला घरोघरी मटण नाहीतर कोंबडी शिजते. आमचं कन्हान म्हणजे कोळशाच्या खाणींचं, रेल्वेच्या जंक्शनचं, हातावर पोट असलेल्यांचं गाव. नदीच्या पलीकडे कामठी, पुढे नागपूर. मटण परवडेनासं झालं तशी बऱ्याच घरांत कोंबडी आली. बॉयलर आणली तर काम थोडं कमी. गावरान असेल तर पिसं काढा, जाळावर फिरवून बारीक लव जाळा, हळद चोळा, धुवा आणि मग तुकडे. हे सगळं होईपर्यंत कांदे आणि खोबऱ्याची वाटी विस्तवावर काळी होत असते. धने, खसखस, दगडफूल, मिरी, लवंग, मोठी वेलची, तेजपान भाजायचं. कुणी पाट्यावर वाटतं, कुणी मिक्सरमध्ये. रस्सा दाट व्हावा म्हणून कुणी ज्वारीचं पीठ लावतं. वर लाल तर्री आली पाहिजे. नाही आली तर ऐकून घ्यावं लागतं.

सकाळी सातला सुरू झालेलं हे काम दुपारी दोनला संपतं. पण त्याआधीच, साधारण अकराच्या सुमाराला, अंगणातून हाक येते, "काही आहे का गं चाखाले?" मग कोंबडीतली कलेजी आणि पोटा वेगळा काढून, तिखट-मीठ लावून, तव्यावर परतून बशीत घालून बाहेर जातो. तिथे बाटली उघडलेली असते. त्यानंतर पाहुणे, नवरा, दीर, मुलगे यांची पंगत. मग लहान पोरं. मग सासू. सगळ्यांत शेवटी जिने हे रांधलं ती. तोवर भांड्यात रस्सा असतो. कधी मान असते, कधी पाठीचं हाड.

जानेवारीच्या बैठकीत मी एक खेळ घेतला. मी समाजकार्याचं पदव्युत्तर शिक्षण घेतलेली बाई. 'कुटुंबांतर्गत अन्नवाटप' या प्रश्नाचं उत्तर परीक्षेत दोन पानं लिहून आलेली. पण तो प्रश्न गटात कधी नीट काढलाच नव्हता. खडूने फरशीवर भली मोठी कोंबडी काढली. तंगडी, छाती, पंख, पाठ, मान, कलेजी, पोटा असे भाग पाडले. बाजूला रश्श्याची एक वाटी काढली. प्रत्येकीला दोन चिंचोके आणि एक खडा दिला. चिंचोके घरच्या पुरुषांचे, खडा आपला. मागच्या वेळी घरात कोंबडी झाली तेव्हा कुणाच्या ताटात काय आलं, तिथे ठेवायचं.

आधी खूप हसणं झालं. मग हळूहळू आवाज कमी होत गेला. तंगडीवर चिंचोक्यांचा ढीग झाला, कलेजीवर त्याहून मोठा. खडे मानेवर, पाठीवर आणि सगळ्यांत जास्त रश्श्याच्या वाटीत. एकीने खडा हातातच धरून ठेवला होता. ती म्हणाली, "माया तं कुठंच नाई बसत. मी त्या दिवशी उपासाले होती." स्वतः उपाशी राहून तिने बारा माणसांचं रांधलं होतं.

आणि माझा खडा? माझं घर 'सुधारलेलं' आहे. मी कमावते, नवरा भाजी चिरतो, कधी पोळ्याही लाटतो. माझ्या ताटात काय यावं हे मला कुणी सांगत नाही. तरी माझा खडा रश्श्याच्या वाटीतच पडला. एक तंगडी नवऱ्याला, एक मुलाला हे मी स्वतःच्या हाताने वाढलं होतं, आणि वाढताना आपण काही ठरवतो आहोत असं मला वाटलंही नव्हतं. बायकांनी माझ्याकडे पाहिलं. कुणी काही म्हणालं नाही. मला वाटतं त्या दिवशी आमचा गट खऱ्या अर्थाने सारखा झाला.

मैत्रिणींनो, 'मले तं रस्साच आवडते' हे वाक्य आपण किती वेळा म्हटलं असेल! काहींना खरंच आवडत असेल. पण एका वस्तीतल्या जवळजवळ सगळ्या बायकांना रस्सा आणि सगळ्या पुरुषांना तंगडी आवडावी, हा योगायोग असू शकत नाही. जे वाट्याला येतं ते आवडून घेणं ही आपल्याला लहानपणापासून दिलेली शिकवण आहे.

रस्सा ही बाईने काढलेली युक्ती आहे, तिचं हिशेबाचं डोकं आहे. एक किलो कोंबडी आणि खाणारी आठ-दहा तोंडं, तर तुकडे पुरणार कसे? म्हणून वाटण वाढवायचं, पाणी वाढवायचं, भाकरी कुस्करायला भरपूर रस्सा करायचा. त्या टर्कीच्या ग्रेव्हीतही तेच डोकं आहे. ट्रेच्या तळाला चिकटलेलंही वाया जाऊ द्यायचं नाही, मान आणि पोटाही उकळून घ्यायचा. थोड्यात पुष्कळ करण्याची ही विद्या बाईची. मात्र तुकडे संपल्यावर त्या विद्येवर पोट भरायची वेळही तिच्यावरच येते.

आता कलेजीबद्दल थोडं हिशेबाने बोलू. शंभर ग्रॅम कोंबडीच्या कलेजीत साधारण ९ मिलिग्रॅम लोह असतं. तंगडीच्या तेवढ्याच मांसात जेमतेम १ मिलिग्रॅम. शिवाय मांसातलं लोह पालेभाजीतल्या लोहापेक्षा शरीराला सहज लागू पडतं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली दिलेल्या शिफारशीप्रमाणे मोठ्या पुरुषाला दिवसाला १९ मिलिग्रॅम लोह लागतं आणि बाईला २९. पाळीमुळे आपली गरज त्याच्या दीडपट. आणि अख्ख्या कोंबडीत रक्त भरून काढणारा जो सर्वांत मोलाचा भाग, तो जेवण सुरू व्हायच्या आधीच दारूबरोबर अंगणात जातो.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण २०१९ ते २०२१ या काळात झालं. त्यात १५ ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळलं. त्याच वयाच्या पुरुषांत हे प्रमाण २५ टक्के होतं. महाराष्ट्रातही निम्म्याहून अधिक बायका पंडुरोगी निघाल्या. त्याच सर्वेक्षणात ८३.४ टक्के पुरुष मांस, मासे किंवा अंडी खाणारे होते आणि बायका ७०.६ टक्के. यात कुणाची आवड असेल, कुणाची माळ असेल, कुणाचं व्रत असेल. पण घर एकच, चूल एकच, आणि तरी एवढी तफावत, तर त्यातला किती भाग श्रद्धेचा आणि किती भाग 'बाईने जीभ आवरावी' या शिकवणीचा, हे आपण आपल्या घरापुरतं तरी तपासायला हवं.

एका धुळवडीच्या कलेजीने पंडुरोग जात नाही, हे मला कळतं. त्यासाठी लोहाच्या गोळ्या लागतात, जंताचं औषध लागतं, रोजच्या जेवणात डाळ, पालेभाजी, वर लिंबू लागतं आणि जेवणावर लगेच चहा टाळावा लागतो. गरोदर बाईने कलेजी वरचेवर खाऊ नये, त्यात अ जीवनसत्त्व फार असतं. हेही आपल्या गटांत सांगितलं पाहिजे. मांस न खाणाऱ्या घरांतही प्रश्न हाच आहे. तिथे कलेजीच्या जागी दुधाचा पेला, तूप, घट्ट वरण असतं एवढंच. सणाच्या दिवशी पातेलं भरलेलं असतानाही चांगला घास बाईपर्यंत पोचत नसेल, तर पातेलं अर्धं रिकामं असलेल्या बाकीच्या दिवसांत काय होत असेल? वर्षभर अंधारात चालणारी वाटणी धुळवडीला उजेडात दिसते, म्हणून मी धुळवड घेतली.

'थो खाणीत जाते, त्याले ताकद पायजे,' हे उत्तर बैठकीत लगेच आलं. हे खोटं नाही. खाणीतलं काम माणूस पिळून काढतं. पण लगेच दुसरी म्हणाली, "आनि आमी कोनतं घरी बसून रायतो?" ती वीटभट्टीवर जाते. तिच्या शेजारची चार घरची धुणीभांडी करते. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांचे त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं गेलेली दिसतात, म्हणजे पावणेपाच तासांहून जास्त. घरकाम करणाऱ्या पुरुषांची ८८ मिनिटं. मुलांचं, म्हाताऱ्यांचं करणं यात धरलेलं नाही. जानेवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका अपघाताच्या नुकसानभरपाईच्या खटल्यात निकाल देताना स्पष्ट केलं, की घर सांभाळणाऱ्या बाईच्या कामालाही पैशांत मोल आहे आणि ते धरलं पाहिजे. बाई मेल्यावर तिच्या कामाचं मोल कोर्टात ठरतं. ती जिवंत असताना ते ताटात दिसावं, एवढंच मागणं आहे. मेहनतीला भाकर लागते, ती त्याने दोन जास्त खावी. रक्ताला लोह लागतं, ते तिला जास्त लागतं.

या विषयाची एक बाजू हसण्यावारी नेता येत नाही. धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे येणाऱ्या बायका वाढतात. गेल्या वर्षी एक आली, तिच्या हातावर आणि गळ्यावर फोड होते. कारण काय, तर रश्श्यात मीठ कमी. गरम वाटी तिच्या अंगावर फेकली होती. ती तक्रार द्यायला गेली तर तिला सांगण्यात आलं, सणासुदीचं होतं, प्यालेला होता, जाऊ दे. सरकारी आरोग्य सर्वेक्षणात नवऱ्याने बायकोला मारणं कोणकोणत्या कारणाने योग्य ठरतं, असा एक प्रश्न विचारतात. त्यात सात कारणं दिलेली असतात आणि त्यांतलं एक कारण 'स्वयंपाक नीट केला नाही' हे असतं. सातांपैकी एक तरी कारण पटलेल्या बायका २०१९-२१ मध्ये ४५ टक्के होत्या आणि पुरुष ४४ टक्के. म्हणजे आपण पुरुषांच्या बरोबरीने हे मान्य करतो! २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने मारहाणीबरोबर शिवीगाळ, मानहानी आणि आर्थिक कोंडी यांनाही हिंसा म्हटलं. तो कायदा २००६ च्या ऑक्टोबरमध्ये लागू झाला. संरक्षण अधिकारी नेमले गेले. कायदा हवाच, त्याचा वापरही करायला हवा. पण मीठ कमी पडणं हा गुन्हा आहे, हे आपल्याच मनात बसलेलं असेल, तर बाई त्या अधिकाऱ्याच्या दारापर्यंत पोचायची कशी?

कुणी म्हणेल, बलात्कार, हुंडा, विस्थापन, रोजगार असे प्रश्न जळत असताना तुम्ही कोंबडीच्या तुकड्यावर काय भांडता? आपल्या चळवळीतल्याही काही मैत्रिणी हे म्हणतील. माझं म्हणणं असं, की या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. जिला आपल्या घरात, आपण रांधलेल्या पातेल्यातला एक तुकडा आपला म्हणून उचलता येत नाही, ती सातबाऱ्यावर नाव कशी मागेल? २० जुलै १९४२ ला नागपुरात दलित महिलांची अखिल भारतीय परिषद भरली होती. अध्यक्ष होत्या सुलोचनाबाई डोंगरे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्या दिवशी हजारो बायकांसमोर सांगितलं, की लग्न झालेल्या मुलीने नवऱ्याची मैत्रीण म्हणून, बरोबरीची म्हणून उभं राहावं, दासी होण्याचं नाकारावं. त्याला ८० वर्षं उलटून गेली. बरोबरीचं नातं भाषणात आलं, कायद्यात आलं, ते पंगतीत अजून यायचं आहे.

म्हणून यंदाच्या धुळवडीला आम्ही एक ठरवलं. सगळ्यांची ताटं एकाच वेळी वाढायची. तुकडे मोजून सारखे करायचे. कलेजी आधी बाहेर पाठवायची नाही, ती घरातल्या बायका-मुलींच्या ताटात पडेल. आणि रांधणारीने सगळ्यांबरोबर बसायचं. हवं ते ज्याने त्याने उठून घ्यावं.

काय झालं ते खरं खरं सांगते. काही घरांत जमलं. एका घरात नवऱ्याने स्वतःच पळी घेतली आणि म्हणाला, मले आधी काऊन नाई सांगितलं? एका घरात सासरे ताटावरून उठून गेले, मग संध्याकाळी येऊन मुकाट जेवले. दोघींनी सांगितलं, आमच्याकडून हिंमत झाली नाही, प्यायलेल्या माणसाशी कोण वाद घालणार. त्यांचं बरोबर होतं. जिथे मार पडायची भीती आहे तिथे तुकड्याचा हट्ट धरायला आपण बाईला एकटीला पुढे करायचं नाही. तिथे आधी गटाने जायचं.

सर्वांत अवघड विरोध पुरुषांकडून आला नाही. तो एका सासूबाईंकडून आला. त्या म्हणाल्या, "पळी माह्या हातात आहे तवरच मले या घरात मान आहे. तेही काढून घेता का?" मी निरुत्तर झाले. चाळीस वर्षं रस्सा पिऊन त्या बाईने ती पळी मिळवली होती. कुणाला काय वाढायचं, एवढाच अधिकार तिला आयुष्यात मिळाला होता, आणि आम्ही समतेच्या नावाने नेमका तोच मागत होतो. शेवटी त्यांच्या सुनेनेच वाट काढली. पळी सासूबाईंच्याच हाती राहिली. फक्त सून म्हणाली, "आई, पयलं ताट तुमचं वाढा, मंग बाकीच्याइचं." सासूबाईंनी स्वतःच्या ताटात तंगडी वाढून घेतली. लग्न होऊन या घरात आल्यापासून पहिल्यांदाच, असं त्या नंतर सांगत होत्या. सांगताना लाजत होत्या. सुनेला त्यांनी कलेजी दिली की नाही, हे मी विचारलं. म्हणाल्या, "अर्धी देल्ली."

अर्धी तर अर्धी. पण ती कुणी मागून मिळालेली नाही, दोघींनी बसून वाटलेली आहे.

तुमच्या गटात हा खेळ जरूर घ्या. खडू, चिंचोके, खडे एवढंच लागतं. मांस न खाणाऱ्या वस्तीत कोंबडीऐवजी दुधाचं पातेलं नाहीतर पुरणाचं ताट काढा. एक करा, गट चालवणारीने आपला खडा सर्वांत आधी ठेवावा. मी शेवटी ठेवला, ती माझी चूक झाली. तुमचे खडे कुठे पडले ते मासिकाला लिहून कळवा. पुढच्या वर्षी आखाडीला, पोळ्याला, नाताळला पातेली चढतील तेव्हा कुणाच्या ताटात काय पडलं, याची नोंद आपल्याकडे असली पाहिजे.